विटाळ आणि विष : अळंबी, पडद्यावरील राक्षस आणि माराची सहावी सेना

वर्षावासाच्या काळात रोह्यालगतच्या वरसे येथे एका रविवारी आम्ही महापरिनिब्बान सुत्ताचे वाचन करीत होतो. चुन्दाच्या भोजनाचा प्रसंग आला होता. बाहेर पाऊस कोसळत होता. इतक्यात डोंगराकडील कातकरी वाडीवरील एक वृद्ध माता दाराशी आली. तिच्या हातात सागाच्या पानात बांधलेली पांढरीशुभ्र अळंबी होती. विहारात आज माणसे जमली आहेत, त्यांच्या जेवणास उपयोगी पडेल, एवढाच तिचा हेतू होता. दान पुढे आले. घेणारा हात मात्र पुढे येईना. एक वयस्क उपासक म्हणाले, "कुत्र्याच्या छत्र्या त्या, विहारात कशाला?" दुसरे म्हणाले, "चांदीचा रुपया टाकून शिजवा, काळा पडला तर फेका." आणि महाविद्यालयात शिकणारा एक तरुण हसत म्हणाला, "सर, अशाच अळंबीने एका मालिकेत राक्षस मेले होते."

तिन्ही उद्गार वरवर पाहता गमतीचे. परंतु त्या तिन्हींत भय या एकाच गोष्टीची तीन रूपे आहेत, असे आम्हांस पुढे विचार करता वाटू लागले. पहिले भय विटाळाचे, दुसरे विषाचे, आणि तिसरे कल्पनेने निर्माण केलेल्या राक्षसाचे. या भयांची गल्लत झाली म्हणजे काय होते आणि ती निराळी कशी करावीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम अळंबीविषयी. अळंबी ही वनस्पती नव्हे. ती बुरशीच्या कुळातील आहे. जमिनीखाली किंवा कुजणाऱ्या लाकडात तिच्या तंतूंचे जाळे वर्षानुवर्षे पसरलेले असते; पाऊस पडून हवा दमट झाली की त्या जाळ्याला जे फळ येते, तेवढेच आपल्या दृष्टीस पडते. काल नव्हती आणि आज आहे, यामुळे तिच्याविषयी गूढता निर्माण झाली. कोकणात आवडीने खाल्ली जाते ती वारुळावरची अळंबी तर विशेषच आश्चर्यकारक आहे. वारूळ करणाऱ्या काही जातींच्या वाळव्यांना सुके लाकूड व पालापाचोळा नीट पचविता येत नाही. म्हणून त्या चावून आणलेल्या पाल्याचे स्पंजासारखे थर वारुळाच्या पोटात रचतात आणि त्यांवर एका विशिष्ट बुरशीची शेती करतात. ही बुरशी पाला मऊ करते आणि वाळवी ती खाते. माणसाची शेती सुमारे दहा हजार वर्षांची. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. पावसाळ्यात याच थरांतून लांब मुळासारखा देठ माती फोडून वर येतो आणि त्याला छत्री फुटते. ही अळंबी वाळवीवाचून वाढविणे माणसास अद्याप व्यापारी प्रमाणावर साधलेले नाही. बाजारात बारमाही मिळणारी पांढरी किंवा धिंगरी अळंबी वेगळी; वारुळावरची अळंबी ज्याला रान ठाऊक आहे त्याच्याच हातून येते. रोहे-पेणच्या बाजारात आणि रस्त्याच्या कडेला ती पानावर मांडून बसणाऱ्या बहुतेक स्त्रिया आदिवासी असतात, हे वाचकांनी पाहिलेच असेल.

पालीमध्ये अळंबीला 'अहिच्छत्तक' म्हणतात. अहि म्हणजे साप, सापाची छत्री. हिंदी प्रदेशात आजही 'साँप की छतरी' हा शब्द चालतो. आपण मराठीत सापाच्या जागी कुत्रा आणला, एवढाच काय तो फरक. राजाच्या मस्तकावर छत्र शोभते. हे छत्र मात्र सरपटणाऱ्याचे किंवा भटक्या जनावराचे, अशी अवहेलना या नावांतच आहे. तथापि प्राचीन बौद्ध वाङ्मयात अहिच्छत्तकाचा उल्लेख अवहेलनेने येत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मणकुळातून आलेल्या दोघांना तथागत समाजाच्या उत्पत्तीचा क्रम सांगतात. पृथ्वीचा रस लोपल्यावर भूमिपप्पटक उत्पन्न झाला, तो अहिच्छत्तक उगवावा तसा उगवला आणि त्याला वर्ण, गंध व रस होता, असे तेथे वर्णन आहे. ब्रह्मदेवाच्या मुखातून कोणीही जन्मला नाही, सर्व माणसे मातेच्याच उदरातून जन्मतात, हे ज्या सुत्तात ठणकावून सांगितले, त्याच सुत्तात मानवाच्या आदिम अन्नाला अळंबीची उपमा दिली आहे.

याच्या शेजारी मनुस्मृती ठेवून पाहावी. तिच्या पाचव्या अध्यायात भक्ष्याभक्ष्याचा विचार आहे. तेथे लसूण, कांदा आणि कवक म्हणजे अळंबी ही द्विजांना वर्ज्य ठरविली असून, अपवित्र जागी उगवते ते सर्व निषिद्ध, असे कारण दिले आहे. पुढे त्याच अध्यायात छत्राक, गावडुक्कर, लसूण, गावठी कोंबडा आणि कांदा एका ओळीत बसविले असून, हे जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो असे बजावले आहे. विषारी अळंबी कोणती आणि निर्विष कोणती, याची तेथे चौकशीच नाही. अळंबी वाईट, कारण ती अपवित्र. हा विषाचा विचार नव्हे, विटाळाचा आहे. ज्या मनाने माणसाला स्पर्शाने बाटविणारा ठरविले, त्याच मनाने मातीतून आलेल्या अन्नालाही तसेच ठरविले. हा ग्रंथ आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे, २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत जाळण्यात आला. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, तेव्हाही प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा नव्हता. जनावरे पीत होती ते पाणी माणसांना वर्ज्य होते. आपल्या उपासकाच्या तोंडून "विहारात कशाला?" हे शब्द निघाले, तेव्हा त्यांच्या मनात मनुस्मृती नव्हती, याची आम्हांस खात्री आहे. पण सवय ग्रंथापेक्षा चिवट असते. ग्रंथ जळतो आणि सवय स्वयंपाकघरात राहून जाते.

आता सूकरमद्दवाकडे वळू. पावा येथे चुन्द कम्मारपुत्त, म्हणजे लोहाराचा पुत्र, याने तथागतांना भोजन दिले. त्यात सूकरमद्दव नावाचा पदार्थ होता. तो केवळ मलाच वाढ, भिक्खुसंघाला दुसरे अन्न दे आणि उरलेले खड्ड्यात पुरून टाक, असे तथागतांनी चुन्दास सांगितले. त्यानंतर त्यांना रक्तस्रावासह तीव्र अतिसाराची पीडा झाली. तरीही ते कुसिनारेकडे चालत गेले. सूकरमद्दव म्हणजे काय, याविषयी अट्ठकथाकारांतच एकमत नाही. आचार्य बुद्धघोषांनी फार तरुण नव्हे, फार जुने नव्हे अशा डुकराचे मऊ मांस, असा अर्थ दिला आणि इतरांची मतेही नोंदविली: कोणी त्यास दूधदुभत्यात शिजविलेला मऊ भात म्हणतात, कोणी रसायन म्हणतात. उदानावरील अट्ठकथेत आचार्य धम्मपालांनी आणखी दोन मते दिली आहेत: डुकरांनी तुडविलेले बांबूचे कोंब, किंवा डुकरांनी तुडविलेल्या जागी उगवलेले अहिच्छत्तक.

मराठी वाचकांना हा वाद नवा नाही. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात मांसाहाराच्या प्रकरणात त्याची स्पष्ट चर्चा केली आणि त्यावरून पुढे बरेच वादळ उठले. इंग्रज विद्वान आर्थर वेली यांनी १९३२ साली याच प्रश्नावर लेख लिहिला. १९८२ मध्ये अमेरिकन संशोधक गॉर्डन वॅसन यांनी, सूकरमद्दव म्हणजे अळंबीच, असे प्रतिपादन केले आणि तिचा संबंध संथाळांमध्ये आजही खाल्ल्या जाणाऱ्या पुटका नावाच्या अळंबीशी जोडला. वॅसन यांच्या मांडणीत मनुस्मृतीतील निषेधाला महत्त्वाचे स्थान आहे. उच्चवर्णीयांना वर्ज्य असलेली वस्तू लोहाराच्या घरी शिजत होती, ही त्यातील लक्षणीय गोष्ट.

आमचे मत असे की, हा प्रश्न निर्णायकपणे सुटणारा नाही, आणि अळंबीच्या पक्षालाही एक अडचण आहे. परंपरेने महापरिनिर्वाण वैशाख पौर्णिमेस मानले जाते. गंगेच्या खोऱ्यात वैशाखात रान कोरडे ठणठणीत असते. वारुळावरची अळंबी तेव्हा मिळणे कठीण. ती वाळवून ठेवलेली असू शकते, हे खरे; आणि सर्वास्तिवादी परंपरा महापरिनिर्वाण कार्तिकात मानीत असे, अशी नोंद ह्यूएनत्संगाने केली आहे, हेही खरे. परंतु एवढ्यावर निश्चित विधान करणे योग्य नव्हे. शिवाय तथागत त्याआधीच्या वर्षावासात बेलुव गावी गंभीर आजारी पडले होते. त्यांचे वय ऐंशी वर्षांचे होते. म्हणून चुन्दाच्या अन्नाला विषारी ठरविण्याची घाई करणारे लोक सुत्त अर्धेच वाचतात, असे आम्हांस वाटते.

सुत्ताचा उरलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या भोजनामुळे तथागतांचा अंत झाला, असा दोष लोक चुन्दास देतील आणि तो पश्चात्तापाने होरपळेल, हे त्या वेदनेतही तथागतांच्या ध्यानात आले. आनंदास त्यांनी मुद्दाम सांगून ठेवले की, चुन्दाची ही रुखरुख दूर कर. संबोधीपूर्वीचे भोजन आणि महापरिनिर्वाणापूर्वीचे भोजन या दोन दानांचे फल सारखेच श्रेष्ठ आहे, असे त्याला सांग. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथातही बाबासाहेबांनी चुन्दाचा प्रसंग घेतला आहे. एका लोहाराच्या घरचे अन्न, त्याने शिजविलेला अपरिचित पदार्थ, आणि त्यानंतर आलेले आजारपण: दोषारोपास याहून सोयीची जुळणी कोणती? तो दोषारोप तथागतांनी स्वतःच थोपविला. रोह्याच्या दक्षिणेस मांदाडच्या खाडीजवळ कुडा येथील बौद्ध लेण्यांत दात्यांचे जे शिलालेख आहेत, त्यांत माळी आहे, वैद्य आहे आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे. चुन्दाची परंपरा आमच्या मुलखातही दगडावर कोरलेली आहे.

येथवर विटाळाचे भय. परंतु म्हणून कोणतीही अळंबी खावी, असे कोणी समजू नये. विषाचे भय खरे आहे. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातील विषारी अळंबी खाऊन काही दिवसांतच किमान १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत चहामळ्यांतील कामगारांची कुटुंबे प्रामुख्याने होती. सर्वांत घातक जातींतील विष शरीरात गेल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून अधिक काळ, काहीच जाणवत नाही. मग उलट्या व जुलाब होतात, एखाद्या दिवसाने बरे वाटू लागते, आणि त्या फसव्या उताराच्या आडून यकृत निकामी होत जाते. हे विष पेशींतील प्रथिने निर्माण करण्याची यंत्रणाच बंद पाडते. शिजविल्याने, वाळविल्याने वा मीठ लावल्याने ते नष्ट होत नाही.

चांदीच्या रुपयाची कसोटी या विषापुढे निरुपयोगी आहे. चांदी गंधकाच्या संयुगांनी काळी पडते. अळंबीच्या विषाशी तिचे काही देणेघेणे नाही. लसूण वा तांदूळ काळे पडतात, किडे खातात ती निर्विष, टोपीची साल निघते ती खाण्याजोगी, या समजुतीही तशाच निराधार. आपल्या गवताळ मैदानांत पावसाळ्यात येणारी एक मोठी पांढरी अळंबी दिसायला अगदी निर्दोष वाटते, पण खाल्ल्यावर दोन-तीन तासांत भयंकर उलट्या होतात. तिची टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर झाकून ठेवली तर हिरवट भुकटी पडते. ती तिच्या बीजाणूंची असते. वारुळावरच्या अळंबीची भुकटी गुलाबीसर पडते. मात्र गुलाबी भुकटीच्या काही विषारी जातीही आहेत. म्हणून एका खुणेवर कधीच विसंबू नये. देठाच्या बुडाशी पिशवी आहे का, देठावर कडे आहे का, मूळ वारुळात खोल गेले आहे का, जागा कोणती, दिवस कोणते, हे सगळे एकत्र पाहावे लागते.

येथे कालाम सुत्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, तर्काला पटते म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले. या सुत्ताचा अर्थ आपल्यातील काही उत्साही मंडळी 'प्रत्येक गोष्ट स्वतः चाखून पाहा' असा करतात. अळंबीच्या बाबतीत हा अर्थ प्राणघातक ठरेल. सुत्त नीट वाचले तर स्वतः जाणण्याबरोबरच 'विञ्ञुप्पसत्थ', म्हणजे सुज्ञांनी प्रशंसिलेले की सुज्ञांनी निंदिलेले, ही कसोटीही तेथे आहे. सुज्ञ कोण? आमच्या मते अळंबीच्या बाबतीत सुज्ञ ती कातकरी माता आहे. चाळीस-पन्नास पावसाळे ती त्याच डोंगरावर त्याच वारुळांपाशी जात आहे. तिचे ज्ञान ऐकीव नाही. ते पाहून, हाताळून, चुका टाळून कमावलेले आहे. मात्र तिच्या ज्ञानाला तिच्या रानाची मर्यादा आहे. एका मुलखातून दुसऱ्या मुलखात गेलेला माणूस गावाकडच्या खाद्य अळंबीसारखी दिसणारी विषारी अळंबी उचलतो, आणि असे अपघात जगभर घडतात.

आता त्या तरुणाच्या राक्षसांविषयी. आमच्यापैकी काहींना त्याचे बोलणे प्रथम पोरकट वाटले, हे कबूल केले पाहिजे. नंतर त्याने सांगितलेली मालिका आम्ही पाहिली आणि आमचे मत बदलले.

विज्ञानकाल्पनिकेच्या मालिका आपल्याकडे अगदीच अनोळखी नाहीत. १९८० च्या दशकात 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका दूरदर्शनवर दाखविली जात असे. तिच्या मार्च १९६७ मध्ये प्रथम प्रक्षेपित झालेल्या एका भागात दूरच्या ग्रहावरील खाणीत एक राक्षस कामगारांना ठार मारीत असतो. तो खडकासारखा, आम्लाने दगड वितळवून वाट काढणारा असतो. त्याला मारण्याची तयारी होते. मग उलगडते की ती आपल्या जातीतील एकमेव उरलेली माता आहे, आणि खाणकामगार ज्यांना खनिजाचे निरुपयोगी गोळे समजून फोडीत होते, ती तिची अंडी आहेत. हा राक्षस शस्त्राने संपत नाही; कोणीतरी भय सोडून त्याचे मन जाणून घेतल्यावर तो राक्षस राहत नाही. सुत्तनिपातातील आळवक यक्षाची आठवण आम्हांस येथे झाली. "बाहेर जा, आत ये," असे उद्धटपणे फर्मावणाऱ्या यक्षाचे तथागतांनी तीनदा ऐकले, चौथ्यांदा नकार दिला, आणि मग त्याच्या प्रश्नांची उत्तरे दिली. पाली वाङ्मयात यक्ष सहसा मारले जात नाहीत. त्यांच्याशी बोलले जाते.

तरुणाने सांगितलेली मालिका मात्र दुसरी, ब्रिटनची. 'डॉक्टर हू' ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. १९७३ च्या मे-जूनमध्ये तिच्यात 'हिरवा मृत्यू' अशा अर्थाच्या नावाची सहा भागांची कथा दाखविली गेली. वेल्समधील एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत एक रसायन कारखाना आपले सांडपाणी गुपचूप सोडीत असतो. खाणीत उतरलेला कामगार हिरवा पडून मरतो. त्या सांडपाण्यात अजस्र अळ्या पोसल्या जातात. बंदुका आणि बाँब त्यांच्यापुढे चालत नाहीत. गावात एक शास्त्रज्ञ काही तरुणांसह साधेपणाने राहत असतो; मांसाऐवजी गरिबांना परवडेल असे प्रथिनयुक्त अन्न मिळावे म्हणून तो अळंबीवर प्रयोग करीत असतो. ती अळंबी खाऊन अळ्या मरतात, आणि तिच्याच साहाय्याने त्या हिरव्या बाधेवर उपायही सापडतो. कथेच्या शेवटी तो शास्त्रज्ञ आणखी एका अळंबीच्या शोधात ॲमेझॉनच्या अरण्याकडे निघतो.

या कथेचे निर्माते बॅरी लेट्स यांना बौद्ध विचारांची ओढ होती, आणि १९७० च्या सुमारास पश्चिमेत सुरू झालेल्या पर्यावरणविषयक चर्चेतून ही कल्पना सुचली होती. बुरशीपासून प्रथिनयुक्त अन्न करण्याचे प्रयोग ब्रिटनमध्ये त्या काळी प्रत्यक्षातही चालू होते. १९८५ मध्ये असे अन्न तेथील बाजारात आले. ब्रिटनमधील प्रेक्षक ही कथा आजही 'अळ्यांची कथा' म्हणून ओळखतात. आम्हांस मात्र अळ्या गौण वाटल्या. भय अळ्यांचे वाटावे आणि खरा दोष लोभाचा असावा, हे त्या कथेचे मर्म आहे.

रोह्याच्या वाचकांस ही कथा परकी वाटू नये. कुंडलिकेच्या काठी धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. तिने अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे विसरता कामा नये. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांत महाराष्ट्रातील ५३ पट्टे आहेत आणि कुंडलिकेचे नावही त्यांत आहे, हेही विसरता येत नाही. आणि येथे पडद्यावरील कथा व प्रत्यक्ष यांत एक फरक आहे. पडद्यावर अळंबी विषारी सांडपाण्यावर मात करते. प्रत्यक्षात अळंबी ज्या मातीत वाढते त्या मातीतील शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे जड धातू आपल्या अंगात साठवून घेते. जातीने निर्विष असलेली अळंबी जागेमुळे विषारी होऊ शकते. म्हणून रहदारीच्या रस्त्याच्या कडेची, कचऱ्याच्या ढिगाजवळची, सांडपाण्याच्या नाल्याकाठची अळंबी ओळखीची असली तरी घेऊ नये. "अपवित्र जागी उगवते म्हणून वर्ज्य" या जुन्या वचनाचे हे समर्थन आहे काय, असे कोणी विचारील. नव्हे. तेथे जागेची अपवित्रता परंपरेने ठरत होती. येथे ती मोजता येते, कोणी केली हे सांगता येते, आणि दूरही करता येते.

याच मालिकेत पुढे आणखी एक राक्षस आला, आणि त्याचे नाव वाचून आम्ही थक्क झालो. त्याचे नाव मार. फेब्रुवारी १९८२ मध्ये दाखविलेल्या या कथेचे लेखक ख्रिस्तोफर बेली यांनी पात्रांना पञ्ञा, करुणा, अनत्ता, दुक्खा, अनिच्चा अशी नावे दिली. १९८३ च्या जानेवारीतील दुसऱ्या कथेत ग्रहाचे नाव मनुस्स आणि एका राजस्त्रीचे नाव तण्हा. हा मार सर्परूप आहे आणि तो माणसाच्या मनात, एकटेपणाच्या स्वप्नातून प्रवेश करतो. त्याला हरविण्यासाठी त्याच्याभोवती आरशांचे रिंगण उभे केले जाते, कारण दुष्टता स्वतःचे मुख पाहू शकत नाही. ब्रिटिश मुले संध्याकाळी जो राक्षस पाहून घाबरली, तो आपल्या पधान सुत्तातून तेथे गेला होता. त्या सुत्तात माराच्या सेना मोजल्या आहेत: पहिली काम, दुसरी अरती, तिसरी भूकतहान, चौथी तण्हा, पाचवी आळस, सहावी भय, सातवी संशय. शिंगांचा किंवा सुळ्यांचा उल्लेख नाही. तथागत माराला ओळखतात, आणि ओळखला गेला की तो खिन्न होऊन निघून जातो, असे संयुत्तनिकायात वारंवार येते.

सहावी सेना भयाची आणि लगेच पुढची संशयाची, हा क्रम आम्हांस त्या रविवारी नव्याने उमगला. दान घेऊन दाराशी उभ्या असलेल्या मातेकडे आम्ही संशयाने पाहिले, कारण आम्ही आधी घाबरलो होतो. आणि कशाला घाबरलो, विटाळाला की विषाला, हे आम्ही स्वतःला विचारलेच नव्हते.

अखेर आमच्यातील एका ज्येष्ठ उपासिकेने पुढे होऊन तिला आत बसविले, चहा दिला आणि विचारले, "मावशी, कुठची गं ही?" तिने डोंगराच्या वरच्या अंगाचे वारूळ सांगितले, खालच्या ओढ्याकडे ती कधी जात नाही हेही सांगितले. एक अळंबी उचलून तिने बुडाचा लांब, निमुळता देठ दाखविला. "हे असं खोल असतं तेच घ्यायचं. गवतात येतं ते न्हाई," असे म्हणाली. ज्यांना शंका होती त्यांनी खाल्ली नाही. त्यांना कोणी आग्रहही केला नाही. बाकीच्यांसाठी ती कांदा-लसणावर परतून नीट शिजविली गेली, आणि मनूने निषेधिलेल्या तीन वस्तू त्या दिवशी एकाच कढईत होत्या, हे वाढताना कोणाच्या तरी लक्षात आले तेव्हा पंगतीत हशा पिकला. एक अळंबी मात्र उपासिकेने न शिजविता कागदात गुंडाळून ठेवली. कोणास त्रास झालाच, तर डॉक्टरांना दाखविता यावी म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती तशीच विहाराच्या फडताळात होती.